मयत क्रमांक तीन

आग्नेल म्हणाला, मरायचं काम आहे,
दिवसाचे बाराशे, जेवण त्यांचं.
म्हटलं, घरी बसून राहण्यापेक्षा बरं.

पहाटे पोहोचलो तर मळ्यातली आमची गल्ली
आमची नव्हती.
डिमेलोच्या दुकानावर वाचता न येणारी पाटी,
वळणावर रेतीच्या गोण्या, लाकडी आडसर,
सज्जातून लोंबणारा
कुठल्याच देशाचा नसलेला झेंडा.
एक पोरगा भिंतीला गोळ्यांची भोकं पाडत होता.
छिन्नी, काजळी, चहाचं पाणी.
मध्येच मागे सरकून मान तिरपी करायचा,
माटोळी बांधून झाल्यावर आपण करतो तशी.

पोदेर आला सायकलवरून, भोंगा वाजवत.
खोट्या शिपायाने त्याला अडवलं.
कागद दाखव, म्हणाला.
सगळे हसले, पोदेरसुद्धा,
पण हात त्याचा आधीच खिशात गेला होता
आधार कार्ड काढायला.

मला गटारापाशी निजवलं.
कपाळावर मधात कालवलेलं रक्त, त्याला मुंग्या.
डोळे उघडे ठेवा काका, पापणी नको.
नऊ वेळा मेलो.
नऊही वेळा तो तपास-अधिकारी गुडघ्यावर बसला,
माझा खिसा चाचपला आणि म्हणाला:
रोज शंभर मरतात या शहरात.
याला मात्र कोणीतरी मारलंय.

बापूंना पंचावन्न साली उचलून नेलं होतं,
माझ्या जन्माआधी.
अकराव्या दिवशी परत आले,
उजव्या हाताची दोन नखं तिथेच ठेवून.
विचारलं की म्हणायचे, मासे साफ करताना गेली.
आमच्या घरात मासे आई साफ करायची.

मालिका चवथीनंतर लागली.
तिसऱ्या भागात मी, चार सेकंद.
उमावती म्हणाली, तोंड उघडं ठेवलंत, माशी जाईल.
शेजारची पोरं टाळ्या पिटून गेली.
मी मात्र दर शुक्रवारी बसायचो
माझा खुनी बघायला.
पाचव्यात एक बाई रडली, बहुधा माझी बायको.
सहाव्यात रणगाडे आले.
सातव्यात पोलीस ठाणंच जळलं,
फायलींच्या धगीवर शिपाई हात शेकत होते.
आठव्यात अधिकारी बोटीत बसून निघून गेला
आणि नावं वर सरकू लागली.
थांबलो. खूप खाली, आचाऱ्यांच्या जरा वर:
मयत क्रमांक तीन.

जाताना त्यांनी सगळं सोलून नेलं,
झेंडा, पाटी, गोण्या, आडसर.
भोकं राहिली.
रंगाचे पैसे कोणी द्यायचे
यावर पत्रव्यवहार चालू आहे.
आता तिथे पर्यटक फोटो काढतात.
काल एक बाई थांबून विचारू लागली,
पोर्तुगिजांच्या वेळची का?

मी एका भोकात बोट घातलं.
पहिल्या पेरापर्यंत गेलं.
हो म्हटलं.