लागली का?

जिमखान्याच्या फॉर्मवर आमच्या खेळाला रकाना नव्हता.
सातपुते सरांनी चष्मा कपाळावर सारून लिहिलं : इतर.
त्या 'इतर'मध्ये आम्ही चौदा जण
आणि वर्गणी काढून घेतलेल्या तीन पांढऱ्या तबकड्या.

पावणेआठनंतर मैदान क्रिकेटवाल्यांचं.
त्याआधी धुक्याचं आणि आमचं.
तबकडी दिसायची नाही,
नुसतं तिचं येणं ऐकू यायचं,
कानाजवळून कुणी पान उलटावं तसं.
फेऱ्या मारणारे एक आजोबा रोज थांबायचे.
"याला काही भवितव्य आहे का?"
"नाही काका," तौफिक म्हणायचा, "पण वारा आहे."

तौफिक चिमूटभर गवत सोडून वारा बघायचा.
प्रणोती अशी झेपावायची
की खाली जमीन असते हे तिला कुणी सांगितलंच नसावं.
तिच्या कोपरांवरची खपली हंगामभर वाळली नाही.
ढमढेरे हरल्यावर मिसळ खायचा,
जिंकल्यावर काय खाईल
हे जानेवारीपर्यंत कळायची सोय नव्हती.

या खेळात पंच नसतो.
हे घरी समजावता समजावता दिवाळी सरली.
"मग आउट कोण देतं?" आई.
ज्याचं त्यानं द्यायचं.
"पुण्यात?" बाबा म्हणाले
आणि पेपर उलटला.

पहिले चार सामने हरलो.
पाचवा जिंकलो, कारण समोरच्यांच्या तिघांना ताप होता.
सहावा खराखुरा जिंकलो.
(ढमढेरेनं मिसळच खाल्ली.)
मग कसं कोण जाणे,
पळताना मागे न बघता कळायला लागलं
कोण कुठे आहे ते.

फेब्रुवारी. बालेवाडीकडचं मैदान.
बारा-बारा. वेळ संपलेली, उरलेला एक गुण.
तबकडी तौफिकच्या हातात, त्याच्यासमोर त्यांची कॅप्टन, लोबो,
हात पसरून मोजत असलेली.
दहापर्यंत सोडली नाही तर तबकडी त्यांची.
सात. आठ.
नवावर त्यानं डाव्या हातानं, खालून, कशीतरी सोडली.
मी झेपावले.

आधी गवत.
मग बोटं.
मधे एखाद्या पात्याएवढा वेळ.

लोबो धावत आली. मला हात देऊन उठवलं,
माझ्या गुडघ्यावरची माती झटकली
आणि विचारलं, "लागली का?"
संशयानं नाही.
स्टॉपवर वेळ विचारतात तसं.

"नाही," मी म्हणाले.

"वरच होती," तिनं वळून आपल्या पोरांना सांगितलं.
मग माझ्या अंगावर तेरा जण पडले,
आणि त्या ढिगाखाली, सगळ्यात खाली,
जिथे जमीन लागते तिथे, मी होते.

नंतर दोन्ही संघ खांद्यावर हात टाकून गोल उभे राहिले.
त्यांनी आम्हाला गुण दिले.
प्रामाणिकपणा : चारपैकी चार.
सातपुते सरांनी तो कागद फळ्यावर लावला,
चार टाचण्या मारून.

परीक्षा आल्या. एक तबकडी माझ्याकडेच राहिली.
आई ती मळलेल्या कणकेवर झाकण घालते.
काठावर शंभर ओरखडे आहेत.
तिला सगळे सारखे.
मला त्यातला एक अंधारात, अंगठ्यानं सापडतो.

परवा नळस्टॉपजवळच्या रसवंतीत
लोबो समोर येऊन बसली.
"तो कॅच!" ती म्हणाली. तोंडात बर्फ.
"धाकट्या भावाला अजून सांगते मी.
कसा घेतलास ग?"
चरकाचे घुंगरू वाजत होते.
ग्लास मी दोन्ही हातांनी धरला होता
आणि कुणीतरी हात पसरून मोजत होतं.
सहा. सात.
तिच्या वरच्या ओठावर फेसाची रेघ.
आठ.
"लोबो," मी म्हणाले.
नऊ.

रसवाल्यानं सुटे मागितले.