जमा

फेब्रुवारीत सरोवर गोठलं की
वाचनालयाच्या तळघरात आम्ही टेबलं मांडतो.
तिघं आहोत, तिघंही निवृत्त. विवरणपत्रं फुकट भरून देतो.
मी आधी बंदरावर कोळशाच्या वॅगनी तोलायचे.
भरलेली वॅगन, रिकामी वॅगन, वजाबाकी.
कोळसा कशाला म्हणायचं
हे तिथे कधी कुणी विचारलं नाही.

इथे पहिला प्रश्न तोच.
उत्पन्न कशाला म्हणायचं?
कायदा एका दमात सांगतो, कुठूनही आलेलं, सगळं.
मग पानंच्या पानं सांगत बसतो
काय काय त्यात येत नाही.

धक्क्यावरच्या डायनरमधली दानेल
कॉफीच्या डब्यात वर्षभराच्या टिपा घेऊन येते.
"लोकांनी खुशीने दिलं, म्हणजे भेटच ना?"
नाही गं. तू कॉफी ओतलीस म्हणून दिलं.
आजोबांनी वाढदिवसाला पाकिटात घातले
ते दोनशे मात्र तुझे, त्यांना हात लावायचा नाही.
"आजोबांनाही मीच कॉफी ओतते," ती म्हणते.
आता काय बोलणार.

इमोजीन साबोला नवऱ्याच्या विम्याचे पैसे आले.
त्यावर कर नाही.
ते बँकेत पडून राहिले, त्याचं अठरा डॉलर व्याज,
त्यावर आहे.
मरण माफ. त्यानंतरचे महिने नाहीत.

आणि ऑरव्हिल टॅकेट, पियानो जुळवणारा,
बोटांत लोकरीचे अर्धे मोजे.
त्याने दंतवैद्याचा पियानो जुळवला,
दंतवैद्याने त्याच्या दाढेवर टोपी बसवली,
पैसा कुणीच कुणाला दिला नाही.
तोंड उघडून दाखवली त्याने मला ती दाढ.
मी लिहिलं, जमा, बाजारभावाने.
खूप हसला. मग हसू संपल्यावर
कोटाच्या आतून दुसरं पाकीट काढलं.

क्रेडिट कार्डवाल्यांनी कर्ज सोडून दिलं होतं.
सहा हजार दोनशे चौदा.
सरकारला कळवलंही होतं, याला एवढे मिळाले.
"माफ केलं म्हणतात, मिसेस कांगास."
हो.
"मग मला मिळालं काय?"
द्यायचं होतं ते द्यावं लागलं नाही, म्हणून मिळालं,
असं मी म्हणाले, आणि माझंच मला ऐकू आलं.
सोबत जुनी बिलं होती. क्लीव्हलँड,
इस्पितळासमोरचं मोटेल, एकोणीस रात्री.
मी पुढचं विचारलं नाही. रकान्यात ते लागत नाही.

एक वाट आहे.
माफीच्या क्षणाआधी तुझं देणं
तुझ्या सगळ्या चीजवस्तूंहून जास्त होतं, हे दाखवायचं.
चौदा नोव्हेंबर. त्या दिवशी तुझ्याकडे काय होतं, सांग.
"ट्रक. नऊशे येतील.
हत्यारं, तीनशे. बँकेत दोनशे बारा."
घरी पियानो?
"विकला."
आधी की नंतर?
"ऑगस्टमध्ये. ती असतानाच."
मग धरायचा नाही.

त्याने खिशातून स्वरकाटा काढला, वडिलांचा,
टेबलाच्या कडेवर वाजवला.
तळघरभर एकच सूर उभा राहिला.
दानेलने चिल्लर मोजणं थांबवलं.
तो पुरता विझेपर्यंत मीही थांबले,
मग विचारलं, किती लिहू?
"चार डॉलर लिहा."

इस्पितळाचं देणं मिळवून बेरीज केली.
ताळा दोनदा पाहिला.
तेरा हजार सातशे अठ्ठेचाळीसने बुडालेला होता.
अभिनंदन, मी म्हणाले,
आणि दोघांनाही कळेना कुठे बघावं.

निघताना जिन्याशी थबकला.
"वर मुलांच्या खोलीत पियानो आहे ना?
सगळा बेसूर झालाय. मंगळवारी येऊन जातो.
पैसे नकोत."

ये, म्हटलं.
फक्त कशाच्या बदल्यात, ते
कुठे बोलू नकोस.