साळिंदराचा काटा

तीन वाफे. दोन रताळ्याचे, एक आल्याचा.
सोमवारी लावले.
मंगळवारी पहाटे परडं असं दिसत होतं
जणू कुणी रात्रभर हरवलेली किल्ली शोधलीय तिथं.

शेजारचे हिंदुराव वाकून बघत म्हणाले,
"डुक्कर न्हवं ह्ये. डुक्कर सगळंच उलथंतंय.
ह्ये साळिंदर. कसं नेमकं बेणं तेवढं उचललंय बघा."
मग उपाय सुरू : जुनी लुगडी बांधा,
डबा वाजवा, रेडिओ लावून ठेवा रातभर.

लुगडी बांधली. हिरवं, अंजिरी, एक विटक्या काठाचं.
सकाळी अंजिरीच्या खालनं वाट पडलेली,
पाहुणा वाकून आत यावा तशी.
रेडिओवर बाजारभाव चालू होते.
ते ऐकत जेवलं असणार.

मग आजऱ्याला बाजारादिवशी
बाळाप्पाच्या दुकानातनं पोतंभर केस आणले.
"फुकट न्या, पर वारं बघून पसरा," म्हणाला.

पोत्यात सगळा गाव.
भरतीला निघालेल्या पोरांचं एकसारखं काळं,
सोसायटीच्या चेअरमनची मेंदी, मुळाशी पांढरी,
आणि एक जावळ, इतकं मऊ
की बाजूला काढलं.
मग म्हटलं असू दे, तेही राखणीला.

माणसाचा वास आला की जनावर मागं फिरतं म्हणे.
कडेनं मूठमूठ पसरत गेले.
माझे तेवढे त्यात नव्हते.
माझे फाल्गुनात उशीवर राहिले,
कोल्हापुरात, चौदा नंबरच्या खोलीत.
मावशींनी झाडून नेले.
कुठं टाकले, विचारायचं राहून गेलं.

त्या रात्री दोनच्या सुमाराला
कुणी वेताची मोळी ओढत आणावी तसा आवाज.
थांबला. फुरफुरला.
बॅटरी हातात होती, लावली नाही.
का, ते सांगता येणार नाही.

उजाडल्यावर आल्याचा वाफा जसाच्या तसा.
रताळ्याचे कोपऱ्यातले चार वेल गेले, चारच.
आणि उकरलेल्या मातीत उभा
एक काटा, काळा-पांढरा, वीतभर.

असल्याच काट्यानं मामीनं
हळदीदिवशी माझा भांग पाडला होता.
हिंदुराव म्हणाले, "घरात ठेवू नका, भांडणं लागतात."
"कुणाशी भांडू?" म्हटलं.
धुतला, आरशामागं खोचला.

डोक्यावर आता पेरभर आलेत,
भलत्याच रंगाचे, कुरळे.
भांग पडायला वेळ आहे.

चार वेल परत लावले.
बाळाप्पाला निरोप धाडलाय,
पोतं भरलं की सांग.