एका डेंग्याची कुर्ली

तारामुंबरीच्या खाडीकाठी माझा काटा.
किलोला दोन भरतात त्या एका टोपलीत,
तीन भरतात त्या दुसऱ्या,
आणि एका डेंग्याच्या
अर्ध्या भावानं, ओल्या गोणपाटाखाली.
गोव्याचा गाडीवाला त्यांच्याकडे बघतही नाही.
म्हणतो, गिऱ्हाईक ताटात आधी डेंगे मोजतं.

डेंगा तुटतो असं आपण म्हणतो.
ती सोडून देते.
मोठीनं धरलं, जाळ्यात पाय गुंतला
की मुळाशी एक ठरलेली जागा असते, तिथून
खट्‌.
पाण्यासारखं थेंबभर काहीतरी येतं, जागा मिटते,
आणि बाई चिखलातून आडवी चालू लागते.

एक ठेवली मी घरामागच्या फुटक्या टाकीत.
पेडव्याची मुंडकी टाकायची, खाडीचं पाणी बदलायचं.
पुरसो ओट्यावरून बघत असायचा.
माझा भाऊ.
उजव्या हाताची चार बोटं विंचवर गेली,
वीस वाव पाण्यात, दोरखंड ओढताना.
त्याच्याकडे नव्हती
तशी ठरलेली जागा.

पंधरा दिवसांनी खुंटावर
कणीएवढं काही दिसलं.
मग अबोलीच्या कळीएवढं.
उन्हाकडे धरली तर पातळ पडद्याआड
कोपर, मनगट, चिमटा, सगळं
घडी घालून ठेवलेलं,
लग्नातल्या लुगड्यासारखं.

अवसेच्या आदल्या रात्री
तिची पाठ शिवणीवर उसवली.
ती स्वतःतूनच मागे मागे निघाली.
डोळे काढले डोळ्यांतून,
एकेक पाय पायातून.
सकाळी टाकीत दोघी होत्या:
एक कडक, रिकामी, एका डेंग्याची;
दुसरी सायीसारखी मऊ, डेंगे दोन,
त्यातला एक नारळाच्या कोंबाएवढा, फिकट.
त्या दिवसांत तिला पोरानंही
बोटानं भोसकलं असतं.
ती कौलाच्या तुकड्याखाली बसून राहिली,
मग बाहेर येऊन
आपलीच जुनी पाठ कुरतडू लागली.

रात्री पुरसो हाक मारतो.
"गो, जरा खाजय."
खंय?
"करंगळेक."
मी हवेत खाजवते, तो सांगतो तिथं.
तो डोळे मिटतो. बरं वाटतं म्हणतो.

माझ्या रेवतीचं बोट आडाळ्यावर कापलं तेव्हा
ती अडीच वर्षांची.
अर्ध्या नखासकट शेंडा गेला.
सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शिवलं नाही,
नुसती पट्टी बांधली. म्हणाल्या, बघू.
गणपतीपर्यंत शेंडा परत आला होता.
नख थोडं फताडं, एवढंच.
पुरसोनं तिचं बोट डाव्या हातात धरून
बराच वेळ उलटसुलट केलं.
"ल्हानपणी सगळ्यांक येता ता," म्हणाला,
"मगे इसारतव."

टाकीतलीनं अजून दोनदा कात टाकली.
उजवा आला, पण बारीकच राहिला.
शिंपले फोडायचं काम
डाव्यानं उचललं, डावा जाड झाला.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
पुरसो आता पायाच्या अंगठ्यात सूत अडकवून
डाव्यानं जाळं विणतो.
गाठी सैल पडतात, मग कमी सैल.
त्याचं डावं मनगट परवा मी पाहिलं,
पाहून काही बोलले नाही.

आज संध्याकाळी तो काट्याजवळ आला,
गोणपाट उचललं, एक कुर्ली
डाव्या हातानं पाठीमागून धरून उलटी केली.
खुंटावर कळी होती.
"ही घालू नको," म्हणाला.
मग दुसरी. मग तिसरी बघून परत ठेवली,
तिला अजून काही नव्हतं.
थोडा थांबला.
तीही उचलली.

ओहोटी लागली होती. तिवरांच्या मुळांत
तीन वेळा पाणी हललं.
मी वहीत लिहिलं:
नग तीन,
तूट.