पेच

वाळू मी रोज पहाटे टाकत होतो
दारापासून पत्रपेटीपर्यंत, बर्फावर, मूठ मूठ.
गुन्वोर पडली ती स्वयंपाकघरात.
फ्रीज आणि टेबलाच्या मधल्या कोरड्या जमिनीवर,
लोकरी मोज्यांत,
हातात हेरिंगची बरणी.
बरणी फुटली नाही.

बर्गनच्या इस्पितळात डॉक्टरीणबाई पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या,
खुब्यापाशी हाडाची मान मोडलीय, पण सरकलेली नाही.
तीन पेच बसवू.
या वयात जितकं थोडं कापू तितकं बरं.

साठ वर्षं मी होड्या बांधल्या.
हार्डांगरच्या काठाने कुणालाही विचारा,
हाडाचा सुतार म्हणतील मला.
खरी हाडाची सुतार मी त्या दिवशी पाहिली,
पस्तिशीची, नखं मुळापर्यंत कापलेली.
विचारलं, भोक आधी पाडता?
पाडतो, म्हणाली, आणि खोली मोजतो.
मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या रात्री गुन्वोर खिडकीकडे तोंड करून
बकऱ्यांना हाका मारत राहिली, एकेकीला नावाने.
तिच्या लहानपणी डोंगरावर चरणाऱ्या,
कधीच्याच मेलेल्या बकऱ्या.
मला म्हणाली, तुम्ही कुठल्या गावचे?
नर्स म्हणाली, होतं असं म्हाताऱ्यांना शस्त्रक्रियेनंतर, जातं.
गेलंही.
जाताना धाकटीचं नाव घेऊन गेलं,
ते आठवड्याने परत आलं.

घरी आलो. वॉकरची चार रबरी पावलं,
तिची दोन, माझी मागून दोन.
सहाव्या आठवड्यात कूस बदलताना ती ओरडली.
ओरडण्याच्या आधी एक बारीक आवाज झाला.
तिला विचाराल तर असा आवाज झालाच नाही.
मला तो ओळखीचा होता.
जुन्या फळीतून खिळा सुटतो, तसला.

पुन्हा तोच पडदा.
एक पेच मागे सरकलेला,
दुसरा हाडाचा गोळा भेदून सांध्यात डोकावणारा,
गोळा वरून खचलेला, उन्हात विसरलेल्या सफरचंदासारखा.
रक्त पोचलं नाही तिथे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
खुर्ची ओढून बसल्या.
पहिल्यांदाच पडद्याकडे नाही, गुन्वोरकडे पाहून बोलल्या.
काहींचं असं होतं. कुणाचं होणार ते आधी कळत नाही.
गुन्वोर म्हणाली, मग तुम्ही काय करणार होतात?

मी गप्प होतो.
लाकूड पाण्यात फुगतं आणि खिळ्याला धरून ठेवतं,
आमचा सगळा धंदा त्यावर उभा.
हाड तर आतून जन्मभर ओलंच.
मग सोडतं का?
हे विचारायचं राहिलं.

दुसऱ्या खेपेला अर्धा सांधाच धातूचा बसवला.
जखम नऊ दिवस पाझरत होती,
दहाव्या दिवशी पट्टी कोरडी निघाली
तेव्हा नर्सने ती मला उलटून दाखवली,
परीक्षेतल्या गुणांसारखी.

पाय बोटभर आखूड राहिला.
बुटाखाली मी पाइनचा तळ लावला,
रंध्याने सात वेळा उतरवला.
अजून केसभर, ती म्हणायची.
आठव्यांदा म्हणाली, होडी असते
तर कललेलीच पाण्यात लोटली असतीस.
तेव्हा मी रंधा खाली ठेवला.

पेच मी मागून घेतले. त्यांनी दिले, पिशवीत, धुऊन.
भिंग लावून पाहिले : आटे शाबूत, एकही बोथट नाही.
इतकी चांगली जिन्नस माझ्या दुकानात कधी आली नव्हती.
वापरायची कशात?
तंबाखूच्या रिकाम्या डब्यात वेगळी ठेवलीय.

काल तिने डबा कानाशी धरून हलवला.
हे माझे?
हो.
डबा ठेवला, हेरिंग मागितलं.
मी फ्रीज उघडला तेव्हा ती टेबल धरून उभी होती,
मग एक हात सोडला, बरणीसाठी.
मी दिली नाही लगेच.