सात चाळीस

लेम्पी हापालाच्या छपरावर मी तीनदा चढलो.

पहिल्यांदा ऑगस्टात. सुपीरियर सरोवर तव्यासारखं सपाट,
आणि अँटेनाच्या दांड्यांवर सीगल पक्ष्यांनी
आपली मालकी पांढऱ्या शाईत नोंदवलेली.
चपटी जुनी वायर उन्हाने तडकली होती,
दाबली की हिरवं पाणी यायचं.
ती काढली. जाड काळी केबल घातली.
जोडावर रबराची पट्टी गुंडाळली, घट्ट,
मोडलेल्या बोटाला गुंडाळतात तशी.
खालून म्हातारी ओरडत होती, "आलं! गेलं! आलं!"
आणि मी दांडा बोटभर इकडे, बोटभर तिकडे.

हल्लीचं चित्र पूर्वीसारखं नाही, मी तिला समजावलं.
पूर्वी ते आजारी पडायचं. मुंग्या यायच्या,
एकेका माणसाची दोन-दोन माणसं दिसायची,
तरी बातम्या पोचायच्या.
आताचं चित्र एक तर धडधाकट असतं, नाहीतर नसतंच.
"रेइनोचं तसंच झालं," ती म्हणाली
आणि कॉफी ओतायला आत गेली.

दुसऱ्यांदा ऑक्टोबरात. तक्रार अशी:
रोज संध्याकाळी सात चाळीसला सहा नंबर फुटतं.
हवामान सांगणाऱ्याच्या चेहऱ्याच्या चौकोनी ठिकऱ्या होतात,
उद्या बर्फ किती, ते त्याच्या तोंडातच राहतं.
बाकीची चॅनलं शाबूत. फक्त सहा.
मी बर्चच्या झाडांवर आळ घेतला. मग वाऱ्यावर.
मग शेजारच्या कांगासच्या वेल्डिंगवर,
जो बिचारा तेव्हा इस्पितळात होता.
अँटेना चार फूट वर नेली. बूस्टर लावला.
बूस्टरने चित्राबरोबर खरखरही वाढवली,
भांडकुदळ माणसाला माईक दिल्यागत.

तिसऱ्यांदा वर चढलो, तिथे काहीच बिघडलेलं नव्हतं.
उतरलो. ट्रान्झिस्टर काढला,
दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेवर लावला,
आणि तिच्या स्वयंपाकघरात घड्याळाकडे बघत बसलो.
ती उठली. स्वेटर चढवला. मागच्या दाराने गेली.
परत आली तेव्हा ट्रान्झिस्टर
फोडणीच्या कढईसारखा तडतडत होता.

मी आवाजाच्या मागे निघालो.
अंगणात तो वाढला. लाकडांच्या ढिगाशी आणखी.
सौनाच्या दारात तर कान किटले.
आत शेगडी गार. फळीवर घडी घातलेला एक टॉवेल.
आणि खिडकीत स्वस्तातला एलईडी बल्ब,
पाण्याकडे तोंड करून.

मी पान्हे फिरवणारा माणूस, मला विचारता येत नाही.
तीच म्हणाली: पावणेआठला होडी घेऊन यायचा.
बावन्न वर्षं आला-गेला,
तरी अंधारात धक्का सापडायचा नाही गाढवाला.
जुना बल्ब सप्टेंबरात गेला,
हा मुलीने धाडला मिनियापोलिसहून. वीज वाचते म्हणे.

मी सांगितलं, खरखर ह्याचीच.
ती जरा वेळ बल्बकडे बघत राहिली.
"मग टीव्ही राहू दे," म्हणाली. "बर्फ काय, पडायचं तेव्हा पडेल."

ट्रकमध्ये, जॅकखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला
चाळीस वॅटचा पिवळा बल्ब होता. तारेचा, जुन्या पद्धतीचा.
आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यासाठी घेऊन चाललो होतो.
तोच बसवला. खिडकी उजळली, जराशी मळकट.
ट्रान्झिस्टर गप्प झाला.

घरात हवामानवाला अखंड चेहऱ्याने हात हलवत होता:
वायव्येचा वारा, पहाटेपर्यंत सहा इंच.
लेम्पीने उभ्यानेच ऐकलं, मान डोलावली,
जणू तिनेच त्याला सांगून ठेवलं होतं.

बिलात मी लिहिलं: बल्ब, नग एक.
तिने पैसे मोजून दिले, वर धुरी दिलेला मासा,
आणि दारातून हाक मारून विचारलं,
"हे बल्ब अजून मिळतात का रे कुठे?"
मिळतात, म्हणालो. खरं तर माहीत नव्हतं.

त्या रात्री आमच्या कोंबड्या अंधारात झोपल्या.
आठवडाभर अंडी कमीच.