पाव मायक्रॉन

शेफील्ड, अ‍ॅटरक्लिफ रोड, सकाळचे सात.
नळाचं पाणी हाडात शिरतं.
मॉरीन स्टॅनिफोर्थ म्हणते, धू. परत धू.
नखांखालीसुद्धा.
आधीचा एक जाड कण पुढच्या कापडावर गेला
की दिवस गेला.

बेकलाइटच्या काळ्या वडीत बसवलेला
बोल्टचा तुकडा, सुपारीएवढा.
डॉनकास्टरकडच्या क्रेनचा. मार्चमध्ये तुटला.
खाली कोण होतं ते फॉर्मवर नाही.
फॉर्मवर फक्त : नमुना ४१७.

आधी कुरुंदाचे कागद.
दर कागदाला वडी पाव वळसा फिरवायची,
आडव्या रेघांनी उभ्या रेघा खायच्या.
मग सिरिंजमधून हिरा.
हो, हिराच. कुणाच्या बोटात न जाणारा,
मोहरीएवढा पिवळट लपका.
नऊ मायक्रॉन. तीन. एक.
शेवटी पाव, मखमलीवर,
जिथे आपण काही करतोय
हे हातालाही कळत नाही.

आईच्या सहाणेवर खोड झिजायचं, गंध उरायचं.
इथे पोलाद झिजतं आणि उरतो
माझाच चेहरा.
नाकाचा शेंडा, ट्यूबलाइट, मागे मॉरीनचा चष्मा.
ओरखडा म्हणून नाही.
पहिल्या वर्षी मी हरखून तिला दाखवलं होतं.
छान, ती म्हणाली,
पण आरशाला काही विचारून बघ.
तो तुलाच विचारेल.

म्हणून आता
अ‍ॅसिडचा बोळा. सहा सेकंद, श्वास धरून.
तासाभराची झिलई राखाडी पडते,
डोळ्यात फूल पडावं तशी.
आणि भिंगाखाली उघडतं ते शिवार :
दाण्याला दाणा लागून, बांधाला बांध,
आणि बांधाबांधाने, कुणाच्याही शेतात पाय न टाकता
गेलेली एक काळी पाऊलवाट.

मुलामा दिल्यावर भट्टीत ठेवायचा होता,
रात्रभर, मंद आचेवर.
ठेवला नसेल.
शुक्रवार असेल. शिफ्ट संपत असेल.
एवढंच असतं बहुतेक वेळा.

मॉरीन भिंगाला डोळा लावून उभीच राहते.
चाळीस वर्षांत तिच्या अंगठ्याच्या रेषा गेल्यात,
तिचा फोन तिला ओळखत नाही.
मग फॉर्म ओढते,
तडा, दाण्यांच्या सीमेवरून, असं लिहिते,
आणि खाली, जिथे रकानाच नाही तिथे,
पेन्सिलीने, बारीक, एक नाव.

तुला कसं माहीत, हे मी विचारत नाही.
हात धुते.
नखांखालीसुद्धा.